बालविभागाच्या कपाटाची चावी

उन्हाळ्याच्या सुट्ट्या जवळ आल्या की आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच विषय चालू होतो, लेकरांचं आता दोन महिने काय करायचं. कुणी अबॅकस सुचवतं, कुणी हँडरायटिंगचा क्लास, कुणी थेट नवोदयची बॅच, आणि ज्यांना हे परवडत नाही ते बिचारे काहीच लिहीत नाहीत. मी दरवेळी एकच लिहिते, वाचनालयात पाठवा. मग पर्सनलवर मेसेज येतात की ताई तिथं लहान मुलांसाठी काय असतं, आमचा तर पाचवीत आहे त्याला घेतील का, कुठली पुस्तकं द्यायची, नुसता मोबाईल मागतो काय करू. एकेकीला उत्तर देण्यापेक्षा सगळं एकदाच इथं लिहिते, लांबलं तर लांबू द्या, कारण हा माझ्या फार जवळचा विषय आहे.

आधी हे सांगते की वाचनालय आपल्याकडं आहे. आपल्याला वाटतं ह्या सगळ्या गोष्टी पुण्या-मुंबईच्या. पण महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ सालीच झाला, त्यानंतर गावोगावच्या संस्थांनी चालवलेल्या वाचनालयांना सरकार मान्यता आणि अनुदान द्यायला लागलं, त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात, आणि आपल्या लातूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी तर सोडाच, बऱ्याच खेड्यांतही एखाद्या खोलीवर 'शासनमान्य सार्वजनिक वाचनालय' अशी पाटी दिसते. मराठवाड्यात वाचनालयांना तर वेगळाच इतिहास आहे. निजामाच्या काळात कारभाराची भाषा उर्दू, उस्मानिया विद्यापीठाचं शिक्षण उर्दूत, सभा घ्यायची तर 'गश्ती निशान ५३' ह्या निजाम सरकारच्या हुकमामुळं आधी सरकारची परवानगी, अशा दिवसांत मराठी वाचनालय ही चार माणसांनी एकत्र बसून वर्तमानपत्र वाचायची आणि पुढचं ठरवायची जागा होती. माझे आजोबा ह्याबद्दल खूप सांगायचे. ज्या जागा आपल्या लोकांनी इतक्या धडपडीनं उभ्या केल्या तिथं आज आपलीच लेकरं जात नाहीत ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता का जात नाहीत. मुलांना वाचायला आवडत नाही हे कारण मला अजिबात पटत नाही. मी जेवढी वाचनालयं पाहिली त्यातल्या बऱ्याच ठिकाणी बालविभाग म्हणजे कोपऱ्यातलं एक काचेचं कपाट, वर 'बालविभाग' असं लिहिलेलं, आणि त्याला कुलूप. चावी ग्रंथपालाच्या ड्रॉवरमधे. मूल आलं, काचेतून बघितलं, एक पुस्तक मागितलं, ते काढून दिलं, सही केली, गेलं. काचेतून फक्त पुस्तकाचा कणा दिसतो, त्यावर बारीक अक्षर, दुसरीतल्या पोरीनं त्यावरून काय निवडायचं? ह्यात ग्रंथपालाचा दोष आहे असं मी म्हणणार नाही, तुटपुंज्या पगारावर एकच माणूस देवघेव बघतो, पेपर लावतो, नोंदवही लिहितो, झाडतो पण, आणि पुस्तक गहाळ झालं तर उत्तर त्यालाच द्यावं लागतं. म्हणून कुलूप. डॉ. रंगनाथन, ज्यांच्या जन्मदिवशी म्हणजे १२ ऑगस्टला आपण ग्रंथपाल दिन साजरा करतो, त्यांनी १९३१ मधे ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम लिहिले त्यातला पहिलाच नियम असा की पुस्तकं वापरण्यासाठी आहेत. तो समजावताना त्यांनी युरोपातल्या जुन्या ग्रंथालयांचं उदाहरण दिलंय जिथं पुस्तकं साखळीनं बांधून ठेवायचे. मी ते वाचलं तेव्हा मला आमचं काचेचं कपाटच डोळ्यापुढं आलं.

आमच्या गावच्या वाचनालयात बदल झाला तो एवढाच की समितीनं शनिवारी दोन तास कपाट उघडं ठेवायला परवानगी दिली. मुक्तद्वार म्हणतात त्याला ग्रंथालयाच्या भाषेत, वाचकानं स्वतः कपाटापर्यंत जायचं, हात लावायचा, चाळायचं, नको असलं तर परत ठेवायचं. सतरंजी अंथरली, खालच्या दोन फळ्यांवर लहानांची पुस्तकं आणली म्हणजे बालवाडीच्या मुलाचा पण हात पोचतो, आणि काही पुस्तकं कणा नाही तर तोंड पुढं करून लावली, म्हणजे मुखपृष्ठ दिसेल अशी. ही शेवटची गोष्ट फुकट आहे आणि सगळ्यात जास्त कामाची आहे. कधी कुणी उचललं नव्हतं ते पुस्तक नुसतं तोंड फिरवल्यावर त्याच दिवशी गेलं. दुसरं म्हणजे नोंदवही मुलांच्याच हातात दिली, सहावी-सातवीतल्या मुली पाळीपाळीनं लिहितात, कुणी काय नेलं, कधी आणलं, आणि खरं सांगते मोठ्यांपेक्षा त्या कडक आहेत. पुस्तकं हरवली का तर हो, काही हरवली, काही फाटली, चिकटपट्टी लावून पुन्हा फळीवर गेली. जे पुस्तक कुणी वाचतच नाही ते पंचवीस वर्षं कोरं करकरीत राहतं आणि शेवटी वाळवी लागून निर्लेखनात, म्हणजे नोंदीतून कायमचं काढून टाकण्यात, जातं, ह्याचा पण हिशोब कुणीतरी मांडायला पाहिजे.

आवाजाचा प्रश्न मात्र खरा आहे. आपल्या लातूर भागात वाचनालय म्हणजे अभ्यासिका झालीये. नीट, एमपीएससी, पोलीस भरती, तलाठी, पोरं-पोरी सकाळपासून रात्रीपर्यंत टेबल धरून बसलेले असतात, त्यांच्या घरी बसायला जागा नाही म्हणून ते इथं येतात, त्यांना शांतता पाहिजेच. आणि लहान लेकरं म्हणजे गोंधळ होणारच. सुरुवातीला अभ्यासिकेतल्या मुलांनी तक्रार केली आणि ती बरोबर होती. मग वेळच वेगळी काढली, उन्हाळ्यात सकाळी आठ ते दहा, तसंही मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत दुपारी लेकरं बाहेर काढायची नसतात, आणि जागा आतल्या हॉलऐवजी पुढचा व्हरांडा. गंमत म्हणजे आता त्याच अभ्यासिकेतली भरतीची तयारी करणारी दोन पोरं येऊन मुलांना गोष्ट वाचून दाखवतात, त्यांना पण तेवढाच विसावा. तुमच्या गावात जागा नसेल तर शाळेचा ओटा, मंदिराचा मंडप, काहीही चालतं, पण वेळ ठरलेली पाहिजे आणि ती पाळली पाहिजे. लेकरू एकदा आलं आणि दार बंद दिसलं तर पुन्हा येत नाही.

आता उपक्रम. लोक विचारतात तेव्हा त्यांच्या मनात चित्रकला स्पर्धा, निबंध स्पर्धा, वक्तृत्व हेच असतं. १५ ऑक्टोबरला डॉ. कलामांच्या जन्मदिवशी वाचन प्रेरणा दिन असतो, त्या दिवशी सगळीकडं कार्यक्रम होतात, ते चांगलंच आहे, व्हायला पाहिजेत. पण स्पर्धेत तीन जणांना बक्षीस मिळतं आणि बाकीचे घरी जातात. मला विचाराल तर सगळ्यात मोठा उपक्रम म्हणजे मोठ्यानं वाचून दाखवणं. बस. त्याला साहित्य लागत नाही, पैसा लागत नाही. एक मोठं माणूस, एक पुस्तक, समोर लेकरं अर्धगोल करून बसलेली, पुस्तक त्यांच्याकडं तोंड करून धरायचं म्हणजे चित्र दिसतंय, आणि हळू वाचायचं. मी आधी घरी दोनदा वाचून जाते, कुठं थांबायचं, कुठं आवाज बारीक करायचा ते ठरवून. पान उलटायच्या आधी क्षणभर थांबायचं, आता काय होईल असं विचारायची पण गरज पडत नाही, लेकरंच ओरडतात. आणि गोष्ट संपली की गप्प बसायचं. 'ह्यातून काय शिकलात' हे विचारायचंच नाही, हात जोडून सांगते विचारू नका. तो प्रश्न आला की लेकरांचे चेहरे एकदम परीक्षेला बसल्यासारखे होतात, कुणीतरी हुशार मुलगी उठून 'आपण खोटं बोलू नये' असं म्हणते आणि बाकीच्यांची गोष्ट तिथंच मरते. आपण थोडं थांबलो तर ती स्वतःहून बोलतात, आणि काय बोलतात! एकदा एका गोष्टीत म्हातारी एकटी राहत असते तर पहिलीतला एक मुलगा हळूच म्हणाला, "मावशी, तिचे लेकरं पुण्याला गेले असतील की." त्याच्या घरची गोष्ट होती ती.

मोठ्या मुलांना, म्हणजे चौथीच्या पुढच्यांना, एकच मोठं पुस्तक दर शनिवारी थोडं थोडं वाचून दाखवायचं. आम्ही 'तोत्तोचान' घेतलं होतं, नॅशनल बुक ट्रस्टनं मराठीत काढलंय, स्वस्त आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली टोकियोतली शाळा, आगगाडीच्या जुन्या डब्यांत वर्ग भरतात, आणि कोबायाशी नावाचे हेडमास्तर जे पहिल्या दिवशी तोत्तोचान ह्या छोट्या मुलीचं बोलणं तासन्‌तास ऐकून घेतात. आमची पोरं ते ऐकून सुन्न झाली, एक जण म्हणाला, "असं कुठं असतंय का, सर लोक एवढं ऐकूलालेत?" त्यात एक आहे की डब्यात समुद्रातलं काहीतरी आणि डोंगरावरचं काहीतरी आणायचं, आणि हेडमास्तरांची बायको दोन भांडी घेऊन फिरते, ज्याच्या डब्यात जे नसेल ते वाढते. आता आमच्या लेकरांनी समुद्र टीव्हीतच बघितलेला. मग मुलांनीच ठरवलं, आपण रानातलं काहीतरी आणि गोठ्यातलं काहीतरी आणायचं. येळवस, म्हणजे आमच्याकडं रानात जाऊन साजरी करतात ती वेळा अमावस्या, नुकतीच झालेली, रानात हरभरा, तूर, ज्वारी उभी, लेकरांच्या जिभेवर अजून भज्जी आणि आंबिलीची चव होती. त्या शनिवारी व्हरांड्यात काय काय आलं म्हणून सांगू, ज्वारीची भाकरी, हरभऱ्याची भाजी, शेंगा, हुरडा, बोरं, दही, ताक, एकीनं खरवस आणला. आणि ज्यांच्याकडं रानही नाही आणि गोठाही नाही, अशी पण लेकरं आमच्याकडं येतात, त्यांच्यासाठी मी आणि शेजारच्या आज्जी दोन पातेली घेऊन उभ्या राहिलो, एकात घुगऱ्या आणि एकात मठ्ठा, आणि पुस्तकातल्यासारखंच सगळ्यांच्या ताटलीत वाढत गेलो. कुणाला कमी आलं नाही, कुणाला लाज वाटली नाही. त्यानंतर ते पुस्तक घरी नेण्यासाठी रांग लागली, वाचनालयात एकच प्रत होती, समितीनं मग अजून प्रती मागवल्या. पुस्तक वाचून झाल्यावर त्यातलं काहीतरी हातानं करायचं, खायचं, बांधायचं, ह्याच्यासारखं काही नाही.

फास्टर फेणेच्या वेळी नकाशे काढले. बनेश फेणे फुरसुंगीचा, सायकल आणि डोकं दोन्ही जोरात पळणारा, भा. रा. भागवतांनी लिहिलेला, इतक्या वर्षांनी पण पोरांना तेवढाच आवडतो. प्रत्येकानं आपल्या गल्लीचा नकाशा काढायचा आणि त्यात लपायच्या जागा दाखवायच्या. एका मुलीनं पडका वाडा, त्यातली विहीर, बस स्टँडच्या मागची बोळ, मार्केट यार्डातल्या पोत्यांच्या थप्प्या असं सगळं काढलं होतं आणि खाली लिहिलं होतं, इथून चोर पळू शकतो. पुढच्या आठवड्यात तिनं गोष्ट लिहून आणली, कुणी सांगितलं नव्हतं.

अजून एक करतो, चिठ्ठ्या. पुस्तक परत करताना ज्याला वाटेल त्यानं एक छोटी चिठ्ठी लिहून आत ठेवायची, पुढच्या वाचकासाठी. "पहिली चार पानं बोर आहेत नंतर लई भारी", "रात्री वाचू नको", "ह्यातला कुत्रा मरतो, आधीच सांगतो". माझ्या शंभर शिफारशींपेक्षा ह्या एका ओळीचा परिणाम जास्त होतो, लेकरू लेकराचं ऐकतं. आणि वाईट लिहायची पण मोकळीक आहे, "आवडलं नाही" असं लिहिलेली चिठ्ठी आम्ही काढून टाकत नाही.

आता पुस्तकांची नावं, कारण मेसेज त्यासाठीच येतात. अगदी लहानांना, तीन ते सहा-सातपर्यंत, चित्रांची पुस्तकं. इथं मी सगळ्यात आधी माधुरी पुरंदरे ह्यांचं नाव घेते, त्यांची यशच्या गोष्टींची पुस्तकं, 'राधाचं घर', साधी रोजची घरातली गोष्ट असते, उपदेश नाही, आणि चित्रांत इतकं काही असतं की वाचता न येणारं लेकरू पण तासभर बघत बसतं. त्यांना २०१४ मधे साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळालाय. 'वाचू आनंदे' चे भाग तर प्रत्येक वाचनालयात आणि शिक्षकाच्या टेबलावर असावेत, मराठीतले चांगले उतारे आणि सोबत चित्रं, भाषेचे खेळ. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय ही माला आहे, पातळ, स्वस्त, मराठीत भरपूर. प्रथम बुक्सची पुस्तकं पण छान, त्यांच्यावर पातळी लिहिलेली असते एक ते चार, म्हणजे नुकतं वाचायला लागलेल्याला कुठलं आणि सरावलेल्याला कुठलं ते पालकांना कळतं. पण एक सांगते, पातळीला चिकटून बसू नका. तिसरीतला मुलगा पहिल्या पातळीचं पुस्तक घेऊन बसला तर त्याला "अरे हे बारक्यांचं आहे" म्हणू नका. तो कदाचित आयुष्यात पहिल्यांदा एक पूर्ण पुस्तक एकट्यानं वाचतोय.

कविता विसरू नका. विंदा करंदीकरांची 'राणीची बाग', 'एटू लोकांचा देश' ही मोठ्यानं म्हणायची पुस्तकं आहेत, आम्ही ताल धरून म्हणतो, व्हरांडा दणाणतो. ज्या मुलांना वाचताना अडखळायला होतं त्यांना कविता फार उपयोगी पडते, कारण पाठ झालेली ओळ पानावर दिसली की ती अक्षरं आपोआप ओळखीची होतात. अक्षरओळखीच्या क्लासला मी कधी कुणाला पाठवलं नाही, पण असे अडखळणारे दोघं-तिघं कवितेवरून वाचायला लागलेले मी डोळ्यानं बघितलेत.

आठ ते बारा हे वय सोन्याचं. ह्या वयात जेवढं मिळेल तेवढं वाचतात. फास्टर फेणे झाला, ताम्हनकरांचा 'गोट्या', दिलीप प्रभावळकरांचा 'बोक्या सातबंडे', ल. म. कडू ह्यांचं 'खारीच्या वाटा'. 'खारीच्या वाटा' मला स्वतःला फार आवडतं, गावाकडची, झाडापेडातली गोष्ट, आमच्या खेड्यातून येणाऱ्या मुलांना ती आपली वाटते. सलीम सरदार मुल्ला ह्यांचं 'जंगल खजिन्याचा शोध' पण असंच, रहस्य पाहिजे असणाऱ्यांना द्या. 'श्यामची आई' सगळेच सुचवतात, चांगलंच पुस्तक आहे, साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं, पण माझं स्पष्ट मत आहे की मुलांच्या हातात पडणारं ते पहिलं आणि एकमेव पुस्तक असू नये. त्याच्या आधी हसायची, पळायची, भुताची दहा पुस्तकं होऊ द्या. मग श्याम वाचताना ती रडतात ती खरी रडतात.

तेराच्या पुढची मुलं वाचनालयातून गायब होतात, दहावी जवळ आली म्हणून. त्यांच्यासाठी वेगळा प्रयत्न करावा लागतो. वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' १९८१ पासून पिढ्यान्‌पिढ्या वाचलं जातंय, शेतकऱ्याच्या घरातल्या मुलांना तर ते लागू पडतंच, माती, भुईमूग, शिकण्यासाठी मैलोन्‌मैल चालणारा मुलगा. जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा. सत्यजित राय ह्यांचा गुप्तहेर फेलूदा मराठीत अशोक जैन ह्यांनी आणलाय, ते एक पुस्तक दिलं की पोरं पुढचं स्वतः मागतात. आणि भारत सासणे ह्यांचं 'समशेर आणि भूतबंगला', २०२४ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार ह्याच कादंबरीला आहे. २०२२ ला उदगीरला अखिल भारतीय साहित्य संमेलन झालं त्याचे ते अध्यक्ष होते, आमच्यातल्या काही मुलांनी त्यांना तिथं लांबून बघितलेलं, म्हणून "त्या अध्यक्षांचं पुस्तक" म्हणून ते फिरत असतं. ज्याला आपण बघितलंय त्या माणसानं पुस्तक लिहिलंय ह्याचं मुलांना फार नवल वाटतं. तुमच्या तालुक्यात लिहिणारं कुणी असेल तर त्यांना बोलवा, सत्कार, भाषण काही नको, सतरंजीवर बसून गोष्ट सांगू द्या आणि मुलांना प्रश्न विचारू द्या.

मासिकं पण मागवा. बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून निघतं आणि सगळे जुने अंक त्यांनी नेटवर फुकट ठेवलेत, आपण लहानपणी वाचलेला अंक लेकराला दाखवता येतो. अगदी लहानांसाठी 'चिकूपिकू', थोड्या मोठ्यांसाठी 'वयम्'. आणि ज्या गावात पुस्तकं विकत घ्यायला पैसाच नाही तिथं प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर ही साईट, मराठीत ढिगानं गोष्टी, फुकट, प्रिंट काढायची परवानगी आहे. आम्ही काही गोष्टींच्या प्रिंट काढून मधे शिवून पुस्तकं केली, शिवायचं काम मुलांनीच केलं. अरविंद गुप्तांच्या साईटवर पण मराठी पुस्तकं आणि टाकाऊतून खेळणी करायचे व्हिडिओ आहेत, आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे आकार करायचा शनिवार आमच्याकडं सगळ्यात जास्त गर्दीचा असतो.

एक गोष्ट मराठवाड्यातल्या लोकांना खास सांगायची आहे. आपल्या गावांत उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत, तिथली मुलं आपल्या वाचनालयात सहसा दिसत नाहीत कारण त्यांच्यासाठी फळीवर काहीच नसतं. नॅशनल बुक ट्रस्टची उर्दू बालपुस्तकं मिळतात, स्टोरीवीव्हरवर तीच गोष्ट उर्दूत पण मराठीत पण सापडते. आम्ही एकदा एकच गोष्ट दोन मुलींनी दोन भाषांत आलटून पालटून वाचली, एक पान हिनं एक पान तिनं, आणि बाकीची पोरं चित्रावरून दोन्ही समजून घेत होती. छत्रपती संभाजीनगरमधे तर २०२१ पासून एका शाळकरी मुलीच्या पुढाकारानं मोहल्ल्या-मोहल्ल्यात बाल वाचनालयं सुरू झाली, घरात, दुकानात, मशिदीजवळ, जिथं जागा मिळेल तिथं. त्या मुलीनं स्वतःच्या पुस्तकांपासून सुरुवात केली होती. हे आपल्याच विभागात झालंय आणि आपल्यातल्या किती जणांना माहितीये?

आणि ऊसतोडीची लेकरं. दिवाळी झाली की टोळ्या निघतात, कुणी आज्जी-आबांजवळ गावात राहतं, कुणी आईबापाबरोबर फडावर जातं आणि थेट मार्च-एप्रिलमधे परत येतं. वाचनालयाचा नियम पंधरा दिवसांत पुस्तक परत. मग ही मुलं सभासद कशी होणार? आमच्या ग्रंथपाल काकांनी मार्ग काढला, मी त्यांचं जाहीर कौतुक करते, जाणाऱ्या मुलांना पिशवीत चार-पाच पुस्तकं बांधून द्यायची आणि नोंदवहीत परतीची तारीख 'हंगाम संपल्यावर' अशी लिहायची. सगळी परत आली नाहीत. पण एका पोरानं परत आणलेल्या पुस्तकातली चिठ्ठी मी जपून ठेवलीये, त्यावर लिहिलं होतं की हे कोपीवर (ऊसतोडीवाल्यांच्या झोपडीवर) सात जणांनी वाचलं, आणि खाली सातही जणांची नावं, त्यातली दोन आमच्या गावची पण नव्हती.

पालकांना एवढंच म्हणेन की मुलाबरोबर या आणि निवडताना मधे पडू नका. आम्ही बघतो, आई येते, मुलगा कॉमिक उचलतो, आई म्हणते हे ठेव, ते जनरल नॉलेजचं घे, स्कॉलरशिपला कामाला येईल. मुलगा ठेवतो. पुढच्या शनिवारी मुलगा येत नाही. जनरल नॉलेज, स्कॉलरशिप, नवोदय ह्याची पुस्तकं घरी घ्या ना, कोण नाही म्हणतं, पण वाचनालयातलं पुस्तक त्याचं त्याला निवडू द्या, भले ते पातळ असो, भुताचं असो, आधी तीनदा वाचलेलं असो. आणि जमलं तर स्वतःसाठी पण एक घेऊन जा, घरी कुणी वाचताना दिसलं पाहिजे की लेकराला. वर्गणी विचारून घ्या, अनामत थोडी असते, आमच्याकडं एक महिन्याची वर्गणी समोशाच्या दोन प्लेटपेक्षा कमी आहे.

ज्यांच्या गावचं वाचनालय अजून कुलूपवालं आहे त्यांनी भांडायला जाऊ नका, मदत करायला जा. शनिवारचे दोन तास मी बसते, पुस्तक हरवलं तर मी भरून देते, असं म्हटलं की बहुतेक ठिकाणी नाही म्हणत नाहीत. अनुदानातला काही भाग पुस्तकांवर खर्च करावाच लागतो आणि खरेदीची घाई मार्चच्या आत होते, तर त्याच्या आधी, दिवाळीच्या सुमारास, मुलांनी मागितलेल्या पुस्तकांची यादी समितीच्या हातात गेली पाहिजे, नाहीतर विक्रेता जो गठ्ठा देईल तो घेतला जातो आणि त्यात थोर पुरुषांची तीच तीच पातळ चरित्रं असतात. जिल्ह्याचा ग्रंथोत्सव भरतो तिथं मुलांना घेऊन जा, त्यांना स्टॉलवर स्वतः बघून नावं लिहून आणू द्या. कलकत्त्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान बालविभागासाठी मदत करतं, त्याची चौकशी जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात करता येते, समितीला आठवण करून द्या. आमच्या व्हरांड्यात एक सूचना वही दोरीनं टांगलेली आहे, त्यात मुलं पाहिजे ती नावं लिहितात. सध्या त्यात भुताची पुस्तकं सगळ्यात वर आहेत, मग क्रिकेटवाल्यांची, मग "विहिरी कशा खणतात त्याचं", मग "ट्रॅक्टर दुरुस्तीचं पण चित्र असलेलं", आणि एकानं लिहिलंय "तोत्तोचान मोठी झाल्यावर काय झालं ते". ही यादी मी समितीकडं जशीच्या तशी देणार आहे, एकही नाव गाळणार नाही.